ज्वारीवरच्या फिती

२२ ऑगस्ट १९७६, कामरगाव

आज घरी पोचलो. सोबत एक वळकटी, तीनशे छापील फॉर्म, विद्यापीठाचा सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणि फितीची सहा रिळं. रिळं एकूण एक परत करायची आहेत, तशी सही घेतलीय माझ्याकडून. एस.टी.त शेजारच्या बाईनं यंत्राकडे बघून विचारलं, "भजनाची पेटी हाये का बापू?" मी हो म्हणालो. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

खरं सांगायचं तर माझ्या पदवीचं नाव 'गणकयंत्र आणि प्रसारमाध्यमे' असं आहे. नवा अभ्यासक्रम, वर्गात अठरा जण. अर्धा दिवस कार्डांना भोकं पाडून ती गणकयंत्राला खाऊ घालायची, उरलेला अर्धा ध्वनिमुद्रण शिकायचं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मला मिळालंय ते हे: खेड्यातली माणसं रेडिओवर काय ऐकतात आणि त्यांना काय ऐकायला आवडेल. तू गावचा, तू गाव घे, म्हणाले सर.

बानं सगळ्या वस्तीला सांगून ठेवलंय की आमचा इंद्रभान रेडिओवर बोलणार. विहाराच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी आल्या आल्या तेच विचारलं. इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगायची हिंमत नाही. जुलैत आवाजाची चाचणी झाली. सर काचेपलीकडे बसले होते. म्हणाले, "आवाज चांगला आहे, पण उच्चार फार गावचे आहेत. तुम्ही गणकयंत्राकडे लक्ष द्या." म्हणजे मी रेडिओवर बोलणार नाही. संपलं.

माय वाळलेली दिसली. निंदण-खुरपणाचे दिवस आहेत, म्हणाली.

२५ ऑगस्ट

तीन दिवसांत एकही पुरुष सापडला नाही. मी फॉर्म घेऊन दिसलो की माणसं मागच्या दारानं वावरात. काल कळलं काय ते. पँटवाला, हातात छापील कागद, नाव-वय-मुलं किती विचारतो, म्हणजे हा नसबंदीवाला! मी इथलाच, जानरावचा पोरगा, हे सांगूनही उपयोग नाही. शेजारचा सेवादास काका, ज्यानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, तोसुद्धा कुंपणापलीकडून म्हणाला, "तू आमचाच हायेस गा, पन कागद कोनाचा हाये?"

आता बायांपासून सुरुवात करायची.

२९ ऑगस्ट

पहिली मुलाखत मायची घेतली. सराव होईल आणि तीनशेतला एक फॉर्मही भरेल.

सरांची सूचना आहे की सगळ्यांना तेच शब्द, त्याच क्रमानं, आदरार्थी. म्हणून मी विचारलं, "आपलं नाव काय?" माय इतकी हसली की पदर तोंडात कोंबला. "आपलं म्हन्ते व आईले! अंजना जानराव, लिव्ह." मग हसता हसता खोकला लागला तो थांबेना. यंत्र चालूच. फीत वाया.

चाळीस मिनिटं चालली मुलाखत. कामाची निघतील पाच-सहा. घरी रेडिओ आहे का, तर नाही. पण मग गावातल्या बदरुद्दीनच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला रेडिओ कसा वाजतो, तिथे उभं राहिलं तर लोक कसे बघायचे आणि आता कसे बघत नाहीत, मी पोटात असताना ती दीक्षेला नागपूरच्या गर्दीत कशी चालली आणि कोणा अनोळखी बाईनं तिला भाकर कशी दिली, सगळं. दर दोन वाक्यांनी खोकला. मी शेवटी वैतागून म्हणालो, "माय, खोकायचं असेल तर बाहेर जाऊन खोक, मुद्रण खराब होते." ती गुमान उठून बाहेर गेली आणि अंगणात खोकून परत आली. पुढे सबंध मुलाखतभर तसंच केलं.

सतराव्या प्रश्नावर गाडी अडली. रेडिओवर आपल्याला काय ऐकायला आवडेल? एक गाणी, दोन बातम्या, तीन शेतीची माहिती, चार नाटकं, पाच सांगता येत नाही, सहा इतर. इतरावर खूण केली तर समोरच्या ओळीवर उत्तर जसंच्या तसं लिहावं लागतं, आणि त्या ओळी सर स्वतः वाचतात.

मायनं काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. पाचावर खूण केली.

४ सप्टेंबर

फिती साफ करायचं काम फार कटकटीचं आहे. ऐकायचं, नको तिथे ब्लेडनं कापायचं, टोकं चिकटपट्टीनं जोडायची. हातभर फितीत दहा सेकंद मावतात. मायच्या रिळातून एवढं कापलं की खुंटीवर झुबका झाला. त्यात गोजराबाईच्या फितीही आहेत, तिनं रेडिओ सोडून सुनेचीच तक्रार सांगितली. पण बहुतेक मायच्याच.

मी झुबका चुलीत टाकायला निघालो तर मायनं हातातून घेतला. "काहून जाळतं? कशी चकाकते पाय. ज्वारीवर पाखरं येतीन तवा कामी पडन."

"त्यात तुझा खोकला आहे सगळा," मी म्हटलं.

"मंग तं पाखरं येतच नाई," ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो.

१२ सप्टेंबर

मायमुळे काम मार्गी लागलं. ती माझ्याबरोबर घरोघर येते आणि आधी स्वतः बोलते, "माया पोरगा हाये, काई कापत-बिपत नाई." बाया हसतात आणि बोलायला बसतात. आज धनजला बेबीताईकडे गेलो, तिच्या सासरच्या गल्लीत चौदा फॉर्म झाले. माय मात्र वाटेत तीनदा बसली. मी पुढे जाऊन थांबायचो, घड्याळ बघायचो. बेबीताई माझ्याशी नीट बोलली नाही. थोरली बहीण असल्यानं तिला तो अधिकार आहेच, पण कारण कळलं नाही.

मायनं या वयात पान खायला सुरुवात केलीय. पदराच्या टोकाला लाल डाग दिसले म्हणून मी चिडवलं, "काय अंजनाबाई, रंगलं का?" ती म्हणाली, "हाव, तुया बानं लावली सवय." बा उठून बैलाकडे गेला. नवराबायकोचं भांडण दिसतंय.

२६ सप्टेंबर

दोनशे चाळीस झाले. पुरुषही आता येतात, रेडिओबद्दल बोलायचं म्हटलं की सोडतच नाहीत.

फॉर्मवरून आकड्यांचा तक्ता करतोय. एक माणूस म्हणजे एक कार्ड, कार्डाला ऐंशी रकाने. माय शेजारी बसून बघते. तिनं विचारलं, मायं कार्ड कोन्तं? मी म्हटलं, पहिलंच, तुझ्यापासूनच तर सुरुवात केली. तिला फार आनंद झाला. संध्याकाळपर्यंत तीन बायांना सांगितलं की मशिनीत माया नंबर पयला हाये.

मग नेहमीचा प्रश्न आला, "परीक्षा कवा तुयी?"

"एप्रिलमध्ये. किती वेळा सांगू?"

तिनं बोटांवर महिने मोजले. एप्रिलपर्यंत मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजले. शाळेत गेली नाही ना, मोजताना चुकते.

३ ऑक्टोबर

धम्मचक्र दिनाला बा एकटाच नागपूरला गेला. मायचं हे पहिलं वर्ष, न जाण्याचं. "तू हायेस न घरी," म्हणाली. तिनं पांढरं पातळ नेसून विहारात मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं. पंचशील निम्म्यावर आलं तेव्हा तिचा आवाज बसला आणि बाकीचं मी म्हटलं. माझ्या मनात आलं, माझं पाठांतर अजून चांगलं आहे.

७ ऑक्टोबर

आज वावरात गेलो. कणसं भरलीत आणि पाखरांचे थवेच्या थवे. दरवर्षी माय बांधावर उभी राहून अशी आरोळी ठोकते की पलीकडच्या शिवारातली पाखरंही उडतात. यंदा तिनं ज्वारीच्या धाट्यांना माझ्या फिती बांधल्यात. दोन्ही टोकांना गाठ, मधे मोकळी. वारा आला की त्या गुणगुणतात, उन्हात लखलखतात, आणि पाखरं खरंच बसत नाहीत.

"यंदा गळा साथ नाई देऊन राह्यला," ती म्हणाली. "ह्या फिती वरडतीन माया बदली."

मला कल्पना आवडली. सरांना सांगण्याजोगी आहे, विज्ञानाचा ग्रामीण उपयोग म्हणून.

१० ऑक्टोबर

तीनशे पूर्ण. साफ केलेली रिळं आणि फॉर्म घेऊन उद्या निघतो. आता गणकयंत्राच्या खोलीत कार्डं पाडायची. माय म्हणाली, चार दिस थांब, ज्वारी कापून जा. ज्वारीला अजून महिना आहे, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी म्हटलं, यंत्रावर माझी पाळी ठरलीय, ती चुकली की पुढच्या महिन्यात.

"जाय मंग," ती म्हणाली. "पाळी नोको चुकवू."

१८ ऑक्टोबर, वसतिगृह

कार्डं पाडायला घेतली. पहिलं मायचं. यंत्राचा खडखडाट झाला आणि माय बाहेर पडली: वय ४५, शिक्षण शून्य, रेडिओ शून्य, आवड पाच. कार्ड उजेडात धरून बघितलं. भोकांतून खिडकी दिसत होती. बरोबर आहे ना ते तपासलं आणि गठ्ठ्यात ठेवलं.

२७ ऑक्टोबर

तार आली. आई गंभीर, ये. पाठवणारा बदरुद्दीन.

३१ ऑक्टोबर, कामरगाव

उशीर झाला. मी कारंज्याला उतरलो तेव्हाच सगळं होऊन गेलं होतं.

५ नोव्हेंबर

मायच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम काल झाला. माणसं गेल्यावर बेबीताईनं मला अंगणात गाठलं. भांडी घासत होती. हातातलं भांडं खाली ठेवलं आणि बोलली ते सगळं लिहितो, कारण मला ते विसरायचं नाही.

"कारंजाच्या डॉक्टरनं जूनमंदीच सांगतलं होतं का फुप्फुसात गाठ हाये, आता फार काई होत नाई. तिनं मले न् बाले तुयी आन घातली. त्याची परीक्षा होऊ द्या, मंग सांगा. एप्रिलपावतो मी काढतो म्हने. तुले दिसत नव्हतं का रे? चौदा फारम भरले तू माया गल्लीत, आन् ती वट्ट्यावर बसून रगत थुकत होती."

मी म्हटलं, ती पान खात होती.

ताईनं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. मग ती रडायला लागली आणि तिनंच मला जवळ घेतलं. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी तिला बाहेर जाऊन खोक म्हणालो होतो. माझ्याच अक्षरात, याच वहीत लिहिलेलं आहे. ते पान फाडणार होतो. फाडलं नाही.

१७ नोव्हेंबर

मायचा एक फोटोसुद्धा नाही घरात. पण आवाज आहे, हे गेल्या आठवड्यात एकदम आठवलं. पाच-सहा मिनिटंच असेल, पण स्वच्छ. सरांना लगेच पत्र टाकलं होतं की पहिलं रीळ वापरू नका.

आज उत्तर आलं. सर वाईट माणूस नाहीत. सांत्वनाच्या चार ओळी अगोदर लिहिल्यात. मग लिहिलंय की उत्तरं फॉर्मवर उतरलेली असल्यानं, आणि फितीची टंचाई असल्यानं, सगळी रिळं महिन्याच्या सुरुवातीलाच पुढच्या विद्यार्थ्याला दिली. त्यावर आता दुसरं मुद्रण झालं आहे.

पद्धत तीच आहे. मला माहीत होती. मीच सही केली होती.

२१ नोव्हेंबर

ज्वारी कापायला लागलो. बा आणि मी, दोघंच. दहाच्या सुमारास वारा सुटला आणि ज्वारीच्या शेजारच्या तासातून गुणगुण ऐकू आली. मी विळा घेतलेला हात तसाच धरून उभा राहिलो.

धाट्यांवर मायनं बांधलेल्या फिती होत्या.

विळा टाकला आणि एकेक गाठ सोडत सुटलो. सुटत नव्हत्या. तिनं अशा पक्क्या मारल्या होत्या की दातांनी सोडाव्या लागल्या. बा ओरडला, "काय करून राह्यला?" मी म्हटलं, "बा, याच्यात माय हाये." मी कधीपासून पुस्तकी बोलत होतो, ते त्या वेळी सुटलं. बानं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. वेड लागलं असं त्याला वाटलं असेल. मग तोही पलीकडच्या तासाला लागला. दिवसभर ज्वारी तशीच उभी आणि आम्ही दोघं तिच्यातून फिती वेचतोय. अठ्ठावन्न मिळाल्या. काही पाखरांनी नेल्या असतील.

२५ नोव्हेंबर

चार दिवस बदरुद्दीनच्या दुकानात. त्यानं रेडिओ दुरुस्तीची कामं बाजूला ठेवली. दुकानात एक जुना टेपरेकॉर्डर आहे, त्यावर बसवून बघितलं. "दव पडी, धूप लगी, पूरी घिस गई रे इंदर," तो म्हणाला, पण कापसानं एकेक फीत पुसून दिली. गाठी होत्या तिथे फीत चुरगळली आहे, म्हणून प्रत्येक तुकड्याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गेलं. कोणती फीत कशानंतर ते कळत नाही. उलटी लागली की माय अगदी परक्या मुलखातल्यासारखी बोलते. मग काढायची, फिरवून पुन्हा लावायची.

मधेच गोजराबाई सुनेला शिव्या घालते. पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो.

बाकी खोकलाच आहे. पण आता तो मला नकोसा वाटत नाही. खोकल्याच्या आधी ती श्वास घेते, नंतर "थांब बापू" म्हणते, पाण्याचा गडू वाजतो. ती बाहेर गेली की दुरून अंगणातला खोकला ऐकू येतो आणि इथे जवळ माझा पेन्सिल आपटण्याचा आवाज. मी घाई करतोय.

बेचाळिसावी फीत ती होती. मी पहिल्या शब्दालाच ओळखली. बाला निरोप पाठवून बोलावलं. तो दुकानाच्या पायरीवर टोपी हातात धरून बसला, आत यायला तयार होईना. बदरुद्दीननं आवाज मोठा केला.

आधी माझा आवाज. "...डिओवर आपल्याला काय ऐकायला आवडेल?" मग मायचा.

"तुया आवाज. दुसरं काय आईकू? गाने तं सारेच आईकते. तू बोलशीन त्याच्यातून तवा मी बदरूभाईच्या दुकानापुढं हुबी राहीन आन् साऱ्याईले सांगीन, हा माया हाये. आपल्यावानी बोल पन, मास्तरवानी नोको बोलू, नाई तं मले वळखू कसा येशीन? लिव्ह न कागदावर. काहून नाई लिव..."

तिथे गाठ होती.

बानं पुन्हा लावायला सांगितली. बदरुद्दीननं लावली. तिसऱ्यांदाही लावली. समोरून जाणारी दोन-चार माणसं रेडिओ समजून थांबली. आम्हा दोघांचे आवाज दुकानाबाहेर येत होते, मायचा आणि माझा.

घरी येताना बाला चाचणीचं सांगून टाकलं, की मी रेडिओवर बोलणार नाही, मला घेतलं नाही. बा म्हणाला, "तिले म्हाईत होतं. तू जुलैपासून पत्रात रेडिओचं नाव नव्हता काढत."

२६ नोव्हेंबर

सरांना पत्र लिहिलं. कार्ड क्रमांक एक, सतरावा प्रश्न, पाचाच्या जागी सहा करावं, चूक माझी आहे. नियमाप्रमाणे उत्तर खाली जसंच्या तसं देत आहे. आणि दिलं. एक अक्षरही सुधारलं नाही.

१९ डिसेंबर

पाकीट आलं. सरांनी लिहिलंय, "एका उत्तराने निष्कर्ष बदलत नाहीत. तरी कार्ड मी स्वतः नवीन पाडलं आहे." सोबत गणकयंत्रानं छापलेला लांबलचक कागद, सगळे आकडे. एप्रिलला परीक्षा आहे. मी जाणार आहे. तिनं ते महिने मोजले होते.

बा ओट्यावर ज्वारी पाखडत होता. कागद बघून त्यानं सूप खाली ठेवलं.

"काय लिवलं हाये?"

"माणसाईले काय आवडते, त्याचा हिशोब हाये."

"वाच. रेडिओवर वाचतेत तसा, मोठ्यानं."

मी उभा राहिलो. उच्चार जसे आले तसे येऊ दिले. गाणी, एकशे अठ्ठेचाळीस. बातम्या, एकोणचाळीस. शेतीची माहिती, सत्तावन्न. नाटकं, एकवीस. सांगता येत नाई, चौतीस. इतर, एक.

"ते येक कोन?" बानं विचारलं. त्याला माहीत होतं.

"माय."

"मंग तेवढं पुन्हा वाच," बा म्हणाला.

मी पुन्हा वाचलं.